दोन टोल्यांचे मोल

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. परंतु साचलेले पाणी कोणत्या शेतात सोडावयाचे हे कोणी ठरवावे, हा प्रश्न सहसा विचारीत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील लूथरन स्त्रियांच्या मिशनरी संघाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

मिसूरी सिनड या लूथरन पंथशाखेतील स्त्रियांनी जुलै १९४२ मध्ये शिकागो येथे हा संघ स्थापन केला. बायबलातील एक गरीब विधवा दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, टाकते. येशू तेच दान श्रीमंतांच्या दानाहून मोठे मानतो. त्या नाण्यांवरूनच संघाच्या दानाच्या डबीला नाव मिळाले. स्त्रिया ही डबी घरी ठेवून तीत चिल्लर टाकतात. चर्चच्या नेहमीच्या दानाला कात्री न लावता हे दान वेगळे द्यावयाचे, असा संकेत आहे.

जमलेल्या रकमेचा काही भाग प्रांतिक शाखेकडे राहतो, उरलेला मध्यवर्ती संघाकडे जातो. कोणत्या मिशनकार्यांना अनुदान द्यावयाचे, हे द्वैवार्षिक अधिवेशनात स्त्री-प्रतिनिधी मतदानाने ठरवितात.

डबीचे खरे महत्त्व येथे आहे. स्थानिक मंडळीच्या सभेत स्त्रियांना मताधिकार देण्याची मोकळीक या सिनडने १९६९ साली दिली. संघाला पाळकांचे मार्गदर्शन असे, हे खरे. तरीही चर्चच्या सभेत मत नसलेल्या स्त्रिया त्याआधी २७ वर्षे आपल्या पैशाचा विनियोग स्वतः ठरवीत होत्या. लहान दानाचे मोल करताना हा अधिकारही हिशेबात धरला पाहिजे.