बाळ सांडते? सांडू द्या!



सहा महिने पुरे झाले, की अंगावरच्या दुधाबरोबर बाळाला वरचे अन्न सुरू करावे. आठ-नऊ महिन्यांचे बाळ चिमटीत घास धरू लागते. थोडे तोंडात, बाकी जमिनीवर! रागावू नका. बाळ खायला असेच शिकते.

बाळाचे व आपले हात साबणाने धुवा. बाळाला ताठ बसवा. खाली जुन्या लुगड्याचे धुतलेले फडके अंथरा. मऊ भात, वरणात कुस्करलेली भाकरी, पिकलेले केळे थोडे-थोडे वाढा. मधूनमधून तुम्हीही भरवा. शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. जेवताना बाळाजवळच बसा.

फडके झटकायला वडिलांनीही हात लावावा.

सांडलेले पुसता येते. अर्धपोटी बाळाची वाढ मात्र खुंटते.