काळी ट्रंक आणि तीन महिन्यांचं लेकरू

पोरी, परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, क्वार्टर मिळालं! संक्रांत झाली की जालंधर." आणि लगेच रडवेली होऊन विचारलंस, एवढ्याशा लेकराला घेऊन एवढ्या लांब जायचं कसं? तेवढ्यात तुझं लेकरू उठलं, इकडं माझं दूध उतू गेलं आणि बोलणं राहिलं. म्हणून लिहून ठेवते. जावईबापूंसारखे तुझे काकाही फौजेत होते, तोफखान्यात. त्यांच्या नोकरीतली निम्मी वर्षं मी इथं हदगावात काढली, निम्मी क्वार्टरांत. चुका दोन्हीकडं भरपूर केल्या. त्या तू परत करू नकोस, नव्या कर.

आधी कागद. कंटाळा येईल, पण कागद जागा तर घर निवांत झोपतं.

१. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केलीस, शाब्बास. आता दाखल्यावर लेकराचं नावही घालून घे — वर्षाच्या आत घातलं तर त्याची फी नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या लेकरांना शाळेपासून पासपोर्टापर्यंत हाच दाखला लागतो.

२. नावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर लिहून जावईबापूंना पाठव आणि सगळीकडं तेच घालायला सांग — आमच्या थोरलीच्या दाखल्यावर एक 'ए' आणि काकांच्या रेकॉर्डात दोन 'ए' गेले, त्या एका अक्षरापायी पुढं प्रतिज्ञापत्रं करत फिरलो. चूक माझीच, फॉर्म मीच घाईत भरला होता.

३. तुझंही नाव बघ. माहेरचं कुठं, सासरचं कुठं, असं विखुरलेलं असेल तर आत्ताच एक करून घे.

४. जावईबापूंना रोज "जेवलात का" विचारतेस, तसं "पार्ट टू निघाली का" हेही विचार — जन्माची पार्ट टू ऑर्डर निघेपर्यंत घरात पाळणा हलत असतो आणि रेकॉर्डात मात्र जावई बिनलेकराचेच असतात. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे फौजेतल्या कुटुंबाच्या नोंदीत, नाव चढलं की मला पेढे पाठव, बारशाचे कमीच पडले होते.

५. दाखला, लसीचं कार्ड, डिपेंडंट कार्ड, जॉइंट फोटो हे सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खांद्यावरच्या पिशवीत ठेव, काळ्या ट्रंकेत नाही — ट्रंकेतला कागद आणि विहिरीत पडलेला दोर, गरजेला दोन्ही तळाशीच.

६. बँकेचं खातं दोघांच्या नावावर आहे ना, आणि नॉमिनेशनमध्ये लेकरू आलं का, एवढं एकदा बघ. अशुभ काही नाही त्यात, छत्री घेतली म्हणून कुणी पाऊस पाडत नाही.

आता दवाखाना.

७. लसीच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं लिही: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची — गाव बदललं की तारीख पहिली विसरते. सरकारी लस देशात कुठंही मिळते, कार्ड तेवढं हवं.

८. साडेतीन महिन्यांची लस इथंच देऊन घे, पण गाडीच्या आदल्या दिवशी नको, चार-पाच दिवस आधी — लसीनंतर दोन दिवस लेकरू तापतं, किरकिरतं, आणि मग ताप लसीचा की प्रवासाचा हे तुलाही कळत नाही, डब्यातल्या दहा बायकांनाही कळत नाही. सांगतात मात्र दहाही जणी.

९. सहा महिने अंगावरचं दूध, दुसरं काही नाही. पाणीसुद्धा नाही आणि गुटीही नाही — मी थोरलीला गुटी दिली, मध चाटवला, वर दिमाखानं सगळ्यांना सांगितलं. ती वाचली तो तिचा पिंड, माझी अक्कल नव्हे.

१०. डोळ्यांत काजळ नको. दृष्टीची एवढी काळजी असेल तर तळपायाला तीट लाव.

११. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर आईच्या, सासूच्या आणि तुझ्या मोबाइलात घाल — वर्षाच्या आतल्या आजारी लेकराला १०२ ची गाडी सरकारी दवाखान्यात फुकट नेते, आणि रात्री कुणाची जीप शोधत बसावं लागत नाही.

जावईबापू तुला न्यायला रजेवर येतील, त्या रजेचं बोलू. फौजेत जवानाला वर्षाची रजा ६० दिवस आणि कॅज्युअल ३०. ऐकायला लई वाटते. पण त्यात सोयाबीन येतं, भावकीतलं लग्न येतं, आईचे गुडघे येतात, गळणारं छत येतं. उरलेले दिवस लेकराचे.

१२. रजेचे पहिले तीन दिवस पाहुणे नकोत, असं सासूबाईंकडूनच सगळ्यांना कळव — तू सांगितलंस तर तू वाईट, त्यांनी सांगितलं तर ती शिस्त.

१३. लेकरू बापाला बघून रडलं तर घाबरू नकोस, आणि ओढून त्यांच्या मांडीवर तर अजिबात घालू नकोस. हे लांबलचक सांगते, कारण इथं मी सगळ्यात मोठी चूक केली.

१९९९ च्या एप्रिलात तुझे काका दोन महिन्यांच्या रजेवर आले. थोरली नऊ महिन्यांची होती. तिनं ती मिशी बघितली आणि असा हंबरडा फोडला की शेजारची म्हैस दावं तोडून निघाली. तोफेच्या आवाजाला न दचकणारा माणूस ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. मला वाईट वाटलं, म्हणून मी लेकरू उचलून त्यांच्या मांडीत ठेवलं. ती आणखी दोन दिवस रडली. मग माझ्या सासूबाई म्हणाल्या, "त्याला नुसतं जवळ बसू दे. तिच्याकडं बघायचं नाही, बोलवायचं नाही. वाटी-चमचा वाजवत बस म्हणावं." काकांनी चार दिवस वाटी वाजवली. पाचव्या दिवशी तीच रांगत आली आणि तिनं मिशी धरली. अशी धरली की सोडवायला मी लागले. आठ-नऊ महिन्यांचं लेकरू अनोळखी माणसाला भितंच. ते वय असतं, राग नसतो. रडत्या लेकराला रँक कळत नाही.

आणि मग मे महिन्यात तार आली. कारगिल सुरू झालं होतं. रजा अर्ध्यात टाकून गेले. माहूरला जावळ काढायचं ठरलं होतं, "जूनमध्ये निवांत काढू" असं मीच म्हणाले होते. तुझ्या डोळ्यांसमोरचं म्हणशील तर २०२५ च्या मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातला एक जवान लग्नानंतर तीन दिवसांत ड्युटीवर गेला. म्हणून—

१४. रजेतलं महत्त्वाचं काम पहिल्या आठवड्यात. जावळ, आधार, बँक, सगळं — रजेचा शेवटचा आठवडा फौजीचा नसतो, तो सरकारनं उसना दिलेला असतो.

१५. तोवर त्यांचा आवाज रोज कानी पडू दे, पण नुसता मोबाइल दाखवू नकोस, भिंतीवर मोठा फोटोही लाव — आमच्या धाकट्या भाच्याचं लेकरू बाप दारात उभा असताना मोबाइलकडं बोट करून "पप्पा" म्हणत होतं.

१६. एक वही कर आणि रोज एकच ओळ लिही: आज कूस वळलं, आज कुत्र्याला हसलं — फोनवर निम्मा वेळ "आवाज येतोय का" यातच जातो, आणि वही मात्र बाप रजेत रात्री जागून वाचतो. काकांनी वाचली तेव्हा मी झोपल्याचं सोंग केलं होतं.

१७. जावईबापू आल्या आल्या शेतात फवारणीला पळतील. परत आल्यावर अंघोळ आणि कपडे बदलल्याशिवाय लेकराला हात लावू देऊ नकोस, आणि ते कपडे लेकराच्या दुपट्यांत धुऊ नकोस — पैनगंगेपलीकडं यवतमाळात २०१७ साली कपाशीच्या फवारणीनं धडधाकट माणसं गेली, हे तर दूधपितं लेकरू.

१८. बुलेटवर दोघांच्या मध्ये लेकरू ठेवून मिरवायचं नाही — नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला मोटारसायकलवर पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा असा नियम आहे, तुझं तर हेल्मेटच्या वयाचंही नाही. गावाला गाडी दाखवायची असेल तर जावईबापूंनी एकट्यानं दाखवावी.

१९. फिरायला दत्तबर्डी पुरे, सकाळी ऊन चढायच्या आत. तामशाला बारालिंगाच्या भाजी-भाकरीच्या पंगतीला यंदा आजीला जाऊ दे, तू घरी थांब — एवढ्या गर्दीत खोकणारा प्रत्येक जण लेकराचा गालगुच्चा घेतो. भाजी डब्यातून आणायला सांग, ती डब्यातही तेवढीच लागते.

२०. सहस्रकुंडाचा धबधबा पुढच्या पावसाळ्यात लांबूनच दाखव, ओल्या खडकावर लेकरू कडेवर घेऊन फोटो नाही. उनकेश्वरच्या गरम झऱ्यात "पवित्र आहे" म्हणून बुडवायचं नाही — मोठ्या माणसाला कोमट ते लेकराला कढत.

आता गाडी.

२१. हदगाव ते नांदेड सत्तरेक किलोमीटर. गाडीच्या दिवशी एसटीच्या भरवशावर निघू नकोस, आदल्या दिवशी नांदेडात मुक्काम कर — एसटीत तुला अर्धं तिकीट आहे, पण चुकलेल्या सचखंड एक्सप्रेसला अर्धं तिकीट नसतं.

२२. सचखंडनं नांदेड ते जालंधर म्हणजे एक आख्खी रात्र आणि जवळजवळ दोन दिवस. खालचा बर्थ घ्या, लेकरू भिंतीकडं आणि तू कडेला — झोपेत कूस तू वळशील, ते नाही.

२३. पिशवी तीन कप्प्यांची कर: कोरडं, ओलं, घाण. लंगोट सांगतील त्याच्या दुप्पट — सांगणाऱ्यानं धुतलेले नसतात.

२४. तुझ्यासाठी गरम पाणी थर्मासात घरूनच ने. गाडीत किटली लावायची नाही, बंदी आहे, आणि ती का आहे हे जळल्यावर कळून उपयोग नाही.

२५. वाटेत स्टेशनांवर सेवेकरी लंगर वाढतात. ताटली आणि डबा जवळ ठेव, लाजू नकोस — दूध पाजणाऱ्या बाईनं उपाशी राहायचं नसतं. तुझे काका तर त्या वरणासाठीच प्रवास करायचे असं मला अजून वाटतं.

२६. फलाटावर एका वेळी एकच जण उतरेल, आणि लेकरू उतरणाऱ्याकडं कधीच नाही.

२७. शेजारच्यानं विचारलं, साहेब कुठल्या युनिटात, कुठं चालले, तर "नोकरीला आहेत" एवढंच. लेकराचा वर्दीतल्या बापासोबतचा फोटो स्टेटसला नको — २०२० च्या जुलैत सैन्यानं जवानांना फेसबुक, इन्स्टाग्राम धरून ८९ अॅप काढायला लावली, ती काही हौस म्हणून नाही. फोटो मला टपालानं पाठव, मी फ्रेम करते.

तिथं पोचल्यावर—

२८. पंजाबची जानेवारीतली थंडी तुला माहीत नाही. आपल्या हदगावात स्वेटर फक्त ट्रंकेत असतो. लेकराला तुझ्यापेक्षा एक कपडा जास्त घाल, पाच नाही — फार गुंडाळलं की घामेजतं आणि तोच घाम गार पडतो.

२९. हे दोनदा वाच. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, शेक देतानाही दार-खिडकी किलकिली ठेव — त्या विषारी वायूला ना रंग ना वास, घरची घरं झोपेतच जातात.

३०. पहिल्याच आठवड्यात एम.आय. रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना, आणि एम.एच., म्हणजे फौजेचं रुग्णालय, यांचा रस्ता दिवसा बघून ये, शक्य तर पायी — रात्री दोनला ताप आला आणि जावईबापू ड्युटीवर असले, तर पायांना वाट माहीत हवी.

३१. शेजारणीकडं पहिल्या दिवशी काहीतरी मागायला जा, साखर माग, मीठ माग — मदत मागणाऱ्याशी ओळख लवकर होते.

माझ्या पहिल्या क्वार्टरात शेजारीण गढवालची होती. तिला मराठी येत नव्हतं आणि माझं हिंदी म्हणजे मराठीला "है" लावलेलं. थोरलीला रात्री कानदुखी झाली तेव्हा तिनंच माझा हात धरून दवाखान्यात नेलं. मी वाटभर आपलं मराठीत रडत होते, आणि तिला सगळं कळत होतं.

३२. दुपारी उगाच रडू यायला लागलं, दूध पाजायचाही कंटाळा आला, तर "मला काय कमी आहे" म्हणून गप्प बसू नकोस. आधी मला फोन कर, आणि मी उचलला नाही तर १४४१६ ला कर. टेली-मानसचा आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात — मी तेव्हा कुणाला बोलले नाही, तीन महिने नुसती भिंतीवरच्या पाली मोजल्या.

३३. पुढं जावईबापूंना फील्ड, म्हणजे घरचे नेता येत नाहीत अशी जागा, लागली तर निघताना लेकरू झोपेत असताना चोरपावलांनी जायचं नाही. उठवा, कडेवर घेऊ द्या, रडू द्या — जागेपणी गेलेला बाप "येतो" म्हणून गेलेला असतो. न सांगता गेला की लेकरू पुढं आठवडाभर झोपायलाच भितं.

३४. आणि डब्यात लाडू वीस जास्त घाल. युनिटात पोचायच्या आत निम्मे संपतात, उरलेले सगळ्या बॅरेकीचे. डबा मात्र परत आणायला बजाव, आमचे सतरा डबे देशभर पडलेत आणि त्यातला एक माझ्या आईचा पितळेचा होता.