जुनी पद्मिनी सुरू होत नाही?

कारागीर बंधूंनो, पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. हौसेने सांभाळलेल्या खासगी गाड्या मात्र अजून गॅरेजात येतात. हिंदमाताला पाणी भरले की हमखास!

गिऱ्हाईक म्हणते, ‘बॅटरी गेली.’ लगेच नवी बॅटरी गळ्यात मारू नका. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवा मंदावला आणि सेल्फ रेंगाळला, तर आधी बॅटरीची टोके व अर्थिंगची पट्टी घासून घट्ट करा. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर बॅटरीचा दोष नाही.

मग डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून आतला ओलावा कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात निम्मे काम इथेच होते, आणि त्याला खर्च काहीच नाही. तरीही सुरू झाली नाही, तर एक प्लग काढून पाहा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले. चोक बंद ठेवा, प्लग सुकवा. कोरडा असेल तर एसी पंपाचा पडदा व कार्बोरेटरची जाळी तपासा. प्लग इंजिनाला टेकवून ठिणगीही पाहावी, पण जवळपास पेट्रोल सांडलेले नको. ठिणगी पिवळट, अशक्त दिसली तर पॉइंट घासून फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.