फॉस्फोफायलाइटचं मोल करताना

१. नुसत्या रंगावर मी कधीच भाव सांगत नाही. फॉस्फोफायलाइटचा कोवळा निळसर हिरवा रंग मला आजही जागीच खिळवतो. पण तशा छटा अ‍ॅक्वामरीन आणि अ‍ॅपेटाइटमध्येही भेटतात. त्या दोघांचे स्फटिक बहुधा सहा बाजूंचे, उभट. हा तिरकस बांध्याचा आणि बरेचदा जुळा, मध्ये खाच असलेला. ती खाच दिसली की मी थांबते.

२. याला नेहमीच्या कसोट्या लावायला हात धजत नाही. कठिनता जेमतेम ३ ते ३.५. ओरखडा काढून बघावं, तर ज्याचं मोल करायचं तेच बिघडतं. मोकळा स्फटिक असेल तर हवेत आणि पाण्यात तोलता येतो: विशिष्ट गुरुत्व ३.१ च्या आसपास, अ‍ॅक्वामरीनचं २.७. अ‍ॅपेटाइट मात्र इथेही अगदी जवळ येतो. मग रामन वर्णपटाकडे वळावं लागतं. १९२८ साली कलकत्त्यात लागलेला रामन यांचा हा शोध या नाजूक खनिजाला ओरखडाही न काढता त्याची ओळख पटवतो, याचं मला फार अप्रूप आहे.

३. हे संयुग मुळात दुर्मिळ नाहीच, हे कळलं तेव्हा मी चकित झाले. जस्त, लोखंड, फॉस्फेट आणि पाणी, एवढाच ऐवज. मोटारीच्या पोलादी पत्र्याला रंगाआधी जस्त-फॉस्फेटचा थर देतात, त्यातही ते सूक्ष्म रूपात वाढतं. १९२० मध्ये बव्हेरियातल्या हागेनडॉर्फच्या नमुन्यांवरून या खनिजाचं पहिलं वर्णन झालं. पण मोठे, पारदर्शक स्फटिक दिले ते बोलिव्हियातल्या पोतोसीच्या सेर्रो रीको डोंगरानं. १५४५ पासून चांदीसाठी, पुढे कथिलासाठी पोखरलेला हा डोंगर. त्यातून इतकी ठिसूळ वस्तू शाबूत बाहेर यावी!

४. म्हणून मी अखंडपणाचं मोल करते. रत्नांच्या बाजारात पैलू पाडले की भाव चढतो. असा मोठा स्फटिक कापणं मला पाप वाटतं. कडा भिंगाखाली बघते, मग अतिनील दिव्याखाली जोड शोधते, कारण चिकटवण्याचं द्रव्य तिथे बरेचदा वेगळं चमकतं. तुटून जोडलेला नमुनाही, तसं सांगून दिला तर, मी आनंदानं घेते.

५. सोबतची जुनी चिठ्ठी टाकू नये. कोणती खाण, कोणाचा संग्रह, हे वर्णपटात दिसत नाही. सेर्रो रीकोतल्या उनिफिकादा खाणीचं नाव लिहिलेला फाटका कपटाही पुढच्या संग्राहकापर्यंत गेला पाहिजे.