आराखडा किती पक्का असावा?

प्रश्न : नोकरी सोडून गावी लाकडी घाण्याचा व्यवसाय सुरू करायचा विचार आहे. मामा म्हणतात, पाच वर्षांचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय हात घालू नकोस. भागीदार होऊ पाहणारा मित्र म्हणतो, एकदा सुरू तर करू, पुढचं पुढे. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : जागा, कर्ज आणि भागीदारी यांबाबत मामांचं ऐका. काय विकायचं, किती, कोणत्या भावाने, हे मात्र मित्र म्हणतो तसं मोकळं ठेवा.

असं का म्हणतो, ते समजायला तुम्हाला लांब जायला नको. किर्लोस्करवाडी तुमच्या शेजारीच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे बेळगावात सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं लागली. आधी कितीही बारकाईने तक्ता मांडला असता, तरी ही दोन वर्षं त्यात कुणी धरली नसती. त्यातच बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि 1910 साली तिथे कारखाना उभा राहू लागला. माळ ओसाड होता, पण रेल्वे हाताशी होती. लोखंड आणायचं आणि जड नांगर गावोगाव पाठवायचे, तर तीच गोष्ट मोलाची. पुढे नांगरांच्या जोडीला उसाचे चरक आले, पंप आले, इंजिनं आली. माल बदलत गेला, वाडी तिथेच राहिली.

तुमच्या घाण्यालाही हेच लावून बघा. एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो शेंगदाणे लागतात. खरिपाची शेंग निघते तेव्हाच वर्षाची खरेदी करायची, तर मोठी रक्कम महिनोन्‌महिने गोदामात अडकते. ती कुठून येणार आणि शेंगदाणे कोरडे कुठे राहणार, हे आधीच ठरायला हवं. ओल लागून बुरशी धरलेला दाणा तेलाला चालत नाही. थ्री-फेज वीज जागेवर मिळते का, तेही आधी बघा. मित्राशी लेखी करार करा. कुणाचे किती पैसे, कुणी किती वेळ द्यायचा आणि कुणाला बाहेर पडायचं झालं तर हिशेब कसा, हे त्यात स्पष्ट असू द्या. मैत्री आहे म्हणून हे टाळू नका, उलट मैत्री आहे म्हणूनच करा. बँक प्रकल्प अहवाल मागेल, तो मन लावून तयार करा. पण त्यातले पुढच्या वर्षांचे विक्रीचे आकडे अंदाज आहेत हे विसरू नका. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जाणार, म्हणून विक्री निम्मी झाली तरी भरता येईल एवढंच कर्ज काढा.

बाकीचं गिऱ्हाईक शिकवेल. शेंगदाण्यापेक्षा करडईला मागणी जास्त आहे, लोकांना पाच लिटरच्या डब्यापेक्षा एक लिटरची बाटली परवडते, पेंड गावातले जनावरंवालेच उचलतात, असली माहिती घरी बसून मिळत नाही.

दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपणारी एक छोटी फीत केली होती. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि 1913 साली चित्रपट पडद्यावर आला. तुम्हीही आधी असाच नमुना करा. यंत्र घेण्याआधी चालू असलेल्या एखाद्या घाण्यावर मजुरी देऊन तेल काढून घ्या. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र आधी काढा आणि तेल सीलबंदच विका; तिथे 'पुढचं पुढे' चालत नाही. ओळखीच्यांनी पहिली बाटली घेतली यावर जाऊ नका, ती प्रेमापोटीही घेतात. दुसरी बाटली कोण मागतं त्याची वही ठेवा.

हे सगळं नोकरीत असतानाच, सुट्टीच्या दिवशी करता येतं. येत्या सुगीला सुरुवात करा, आणि त्या वहीत अनोळखी नावं दिसू लागेपर्यंत राजीनामा देऊ नका.