दिव्यांग बालकांसाठीचा निधी : कशासाठी आणि कोणत्या दाराने

दिव्यांग बालकाच्या नावाने शासनाकडून काही साहाय्य येते, एवढे बहुतेक शिक्षकांस ठाऊक असते. ते कोणत्या कामासाठी येते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रक्कम खात्यावर जमा झाली, नोंदवहीत तशी नोंद पडली, की विषय मिटला असे आपण मानतो. या निधीकडे दान म्हणून न पाहता शिकविण्याचे साधन म्हणून कसे पाहता येईल, याचा माले परिसराच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही दृष्टी नवी नव्हे. खडकी येथील क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था 1917 साली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांस हातचे काम शिकविण्यासाठी निघाली. निवृत्तिवेतनाने पोट भरते. पण सकाळी उठून कोठे जावे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही, हे त्या काळीही काहींनी ओळखले होते. पुढे 1995 च्या कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता दिली, व त्याची जागा घेणाऱ्या 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती संख्या 21 वर नेली. या अधिनियमानुसार 40 टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क आहे. सर्वसाधारण बालकाचा हा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. दिव्यांग बालकास चार वर्षे अधिक दिली आहेत, ती त्याला स्वतःच्या पायावर उभे राहण्यास अधिक अवधी लागतो म्हणून, हे आपण ध्यानात घ्यावे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मुळशी धरणाच्या पाण्यालगतच्या एखाद्या वाडीतील मुलगी तिसरीत आहे. तिला कमी ऐकू येते. ती मागच्या बाकावर बसते, फळ्यावरचे सुंदर अक्षरात उतरवून घेते आणि त्यातील एकही वाक्य तिला कळत नाही. घरी ती धाकट्या भावास सांभाळते, शेळ्या राखते; आईवडिलांची तक्रार नाही. अशी मुले त्रास देत नाहीत, म्हणूनच ती सर्वांत उशिरा लक्षात येतात. पाचवीत जाईपर्यंत तिचे शाळेत येणे बंद होईल, आणि ते कोणास विशेष वाटणारही नाही.

अशा मुलीसाठी योजनांची यादी हाती घेऊन प्रारंभ करू नये. प्रथम एका कागदावर लिहावे, की या वर्षअखेर ही मुलगी कोणत्या तीन गोष्टी कोणाच्याही मदतीवाचून करील. उदाहरणार्थ, पाठीमागून नाव घेतल्यास वळून पाहील. दुकानातून सामान आणून उरलेले पैसे मोजून परत देईल. आपले नाव, गाव व पत्ता अनोळखी माणसास सांगेल. मग प्रत्येक गोष्टीसमोर लिहावे, की त्यासाठी कोणती वस्तू, कोणाचा वेळ व किती खर्च लागेल. निधीचा विचार त्यानंतर करावा. क्रम उलटा झाला, की मुलाच्या गरजेऐवजी कार्यालयात शिल्लक असलेली वस्तू मुलाच्या हाती पडते. उताराच्या पायवाटेवर राहणाऱ्या मुलास तीनचाकी सायकल मिळते आणि ती पडवीत गवताच्या भाऱ्याखाली गंजते.

पहिले दार प्रमाणपत्राचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, त्या दिवशी अशी मुलगी गैरहजर राहू नये, ही जबाबदारी वर्गशिक्षकाची. त्यानंतर स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून वैद्यकीय तपासणी होते व वैश्विक ओळखपत्र मिळते. 2024 च्या सुधारित नियमांनुसार 40 टक्क्यांखालील व्यक्तीस पांढरे, 40 ते 80 टक्क्यांपर्यंत पिवळे व त्यावर निळे ओळखपत्र दिले जाते. तपासणीसाठी धरणकाठच्या वाडीतून औंधच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे म्हणजे बापाची एक दिवसाची मजुरी बुडणे होय. कागद अपुरे निघाले, तर दोन दिवसांची. म्हणून निघण्यापूर्वी आधारपत्र, छायाचित्र व पूर्वीचे तपासणीचे कागद शिक्षकाने स्वतः पाहून द्यावेत. हे काम परिपत्रकात लिहिलेले नसते.

दुसरे दार शाळेचे. 2018 पासून चालू असलेल्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक बालकामागे वर्षास 3,500 रुपयांपर्यंत तरतूद धरलेली आहे. ही रक्कम रोख हाती येईल असा पालकांचा समज होतो आणि मग शिक्षकावर संशय येतो. वास्तविक ती साधने, ब्रेल वा मोठ्या अक्षरांची पुस्तके, मदतनीस व प्रवास भत्ता, उपचारसेवा अशा बाबींसाठी असते. दिव्यांग मुलींना मात्र दरमहा 200 रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता स्वतंत्रपणे मिळतो. तीव्र दिव्यांगत्व असलेल्या बालकास घरी शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षणहक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने दिला. तो पर्याय आहे. हजेरीपटावरील नाव टिकविण्याची युक्ती नव्हे.

श्रवणयंत्र मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. ते कानात बसविण्याचा साचा मूल वाढेल तसा बदलावा लागतो. घटपेशी संपतात. आणि ज्या मुलखात पावसाळ्याचे चार महिने कपडे वाळत नाहीत, तेथे दमट हवा हीच या यंत्राची मोठी शत्रू. रात्री ते ओलावा शोषणाऱ्या पुडीसह झाकणाच्या डबीत ठेवावे, ही सवय मुलीस पहिल्या आठवड्यातच लावावी. ते स्वतः पुसणे, घटपेशी स्वतः बदलणे, हेही तिच्या अभ्यासक्रमाचे भाग समजावेत. हा वरखर्च थोडा, पण वारंवार येणारा असतो, आणि नेमका तोच मोठ्या योजनांतून निसटतो.

येथे तिसरे दार उपयोगी पडते, ते ग्रामपंचायतीचे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होते. येथे थोडे गणित करावे. स्वउत्पन्न 4 लाख असल्यास हा भाग 20,000 रुपये होतो. 4 कोटी असल्यास 20 लाख. आपल्याच तालुक्यात हिंजवडी व माण येथे माहिती तंत्रज्ञानाचे कारखाने उभे आहेत. धरणकाठच्या वाड्यांत घरपट्टीखेरीज फारसे काही नाही. टक्केवारी एक, पण मुलाच्या वाट्यास येणारे साहाय्य त्याचा जन्म कोणत्या गावी झाला यावर ठरते. ही उणीव आहे, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. लहान ग्रामपंचायतीचा भाग अपुरा पडल्यास पौड येथील पंचायत समितीकडे व जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे अर्ज करावा. त्यांच्या स्वउत्पन्नासही हाच नियम लागू आहे.

या निधीचे बहुतेक ठिकाणी मार्चअखेर घाईने समान वाटप होते. प्रत्येकास थोडी थोडी रोख रक्कम मिळते, छायाचित्र निघते. वृद्ध व निराधार व्यक्तीस ती रक्कम मोलाची असते, हे खरे. पण शिकत्या बालकाची गरज वेगळी, आणि ती ग्रामसभेत कोणी मांडल्याशिवाय कळत नाही. मांडणारा शिक्षकच असावा लागतो.

मुलास स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व वा बहुविध दिव्यांगत्व असल्यास 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्यविमा योजना पाहावी. तिची मर्यादा वर्षास एक लाख रुपयांची असून वाचोपचार, भौतिकोपचार यांचा खर्चही तीत धरला जातो. अशाच मुलांच्या पालकांस अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. त्या वयानंतर शाळेचे दार मिटते, मासिक अनुदान व व्यवसायकर्जाची दारे उघडतात. परंतु पैसे मोजता न येणाऱ्या तरुणाच्या हाती कर्ज देऊन काय साधणार? ती मोजणी तिसरीत शिकवावयाची असते.

केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका बालकासाठी वर सांगितलेला कागद तयार करून आणावा : तीन गोष्टी, प्रत्येकीस लागणारे साधन, वेळ, खर्च व त्याचे दार. बालकाचे नाव लिहू नये. ज्या बाबीसमोर कोणतेही दार सापडले नाही, तिच्याखाली रेघ ओढावी. अशा बाबी एकत्र करून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडावयाचा अर्ज त्याच बैठकीत लिहिला जाईल.