वजन कमी की ताकद जास्त?

प्रश्न : छोट्या इंजिनाची हलकी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर तिप्पट ताकदीच्या गाडीपुढे टिकते का?

उत्तर : टिकते, पण ट्रॅकच्या प्रत्येक भागात नाही.

१९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिसचं उदाहरण घेऊ. वजन सुमारे ७२५ किलो, ताकद ११८ अश्वशक्ती. समोर १,६०० किलोची, ४०० अश्वशक्तीची गाडी असेल, तर टनामागे ताकदीचा हिशेब १६३ विरुद्ध २५०. सरळ पट्ट्यावर एलिस मागे पडणारच. जास्त वेगात हवेचा विरोध कापायला वजनाचा हलकेपणा नाही, इंजिनाची ताकदच लागते.

वळण आलं की चित्र पालटतं. चालकासह ८०० किलोची गाडी ताशी १८० किमी वेगावरून थांबवताना ब्रेकना सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. १,६०० किलोची गाडी त्याच ठिकाणी २१६ च्या वेगाने पोहोचली, तर हाच आकडा जवळपास तिप्पट होतो. म्हणून जड गाडीचे ब्रेक काही फेऱ्यांतच तापून दमतात. शिवाय टायरवरचा भार दुप्पट झाला, तरी पकड दुप्पट होत नाही.

१९६४ मध्ये ब्रिटिश सलून कार स्पर्धेत सात लिटरच्या फोर्ड गॅलेक्सी मैदानात असताना जिम क्लार्कने १.६ लिटरच्या लोटस कॉर्टिनात विजेतेपद मिळवलं. अर्थात, तिथे गुण इंजिनाच्या गटानुसार मिळत.

आपल्याकडे कोइम्बतूरच्या आखूड कारी ट्रॅकवर हलकी गाडी खुलते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचा किलोमीटरभराचा सरळ पट्टा मात्र ताकदवान गाडीलाच मानवतो.